रेणूंचे घूर्णन व जालक कंपने

नीच तापमानाच्या रेणवीय स्फटिकात रेणूंचे स्वतःभोवती फिरणे (घूर्णन) आणि जालकाची (स्फटिकातील अणुरेणूंच्या नियमित त्रिमितीय मांडणीची) कंपने या दोन गती परस्परांवर जो परिणाम करतात, त्यास घूर्णन-जालक युग्मन असे म्हणतात. एकअणवीय स्फटिकातील (उदा., तांबे, आर्‌गॉन) कण केवळ आपल्या सरासरी स्थानाभोवती मागेपुढे हलू शकतो. हायड्रोजन, नायट्रोजन, मिथेन यांचे रेणू किंवा अमोनियम, सायनाइड यांसारखे बहुअणवीय आयन ज्या स्फटिकांचे घटक असतात त्यांत मात्र प्रत्येक कणाला ‘स्थान’ आणि ‘दिशा’ अशा दोन्ही गोष्टी असतात. स्थान बदलले की शेजारच्या रेणूला वळावे लागते आणि दिशा बदलली की शेजाऱ्याला सरकावे लागते. त्यामुळे हलणे आणि फिरणे यांचा हिशेब अलग ठेवता येत नाही, हे या विषयाचे सार होय. स्फटिक कोणत्या तापमानाला आपला आकार बदलेल, तो कर्तरी प्रेरणेला (पत्त्यांच्या गड्डीप्रमाणे थर एकमेकांवरून सरकविणाऱ्या प्रेरणेला) किती विरोध करील, त्यातून उष्णता किती सहज वाहील आणि द्रव हायड्रोजनाचा साठा किती काळ टिकेल, हे प्रश्न या युग्मनाशी निगडित आहेत.

जालक कंपने : स्फटिकातील कण परस्परांशी प्रेरणांनी बांधलेले असल्याने एक कण हलला की ते हलणे तरंगाच्या रूपाने सर्व स्फटिकभर पसरते. अशा तरंगांचे दोन मुख्य प्रकार आहेत. अनुतरंगांत कण तरंगाच्या दिशेतच मागेपुढे होतात, तर अवतरंगांत ते त्या दिशेशी काटकोनात हलतात. भूकंपाच्या वेळी हेच दोन प्रकार खडकांतून प्रवास करतात. लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील किल्लारी येथे ३० सप्टेंबर १९९३ रोजी झालेल्या भूकंपात जमिनीला आधी बसणारा हादरा अनुतरंगांचा व त्यामागून येणारा आडवा हादरा अवतरंगांचा होता. अवतरंगांत पदार्थाचे चौकोनी घटक तिरके होतात, म्हणजेच त्यांत कर्तरी विकृती निर्माण होते. रेणूच्या दिशेशी प्रामुख्याने ही विकृतीच निगडित असते, असे पुढे दिसून येईल.

पुंज सिद्धांतानुसार कंपनाची ऊर्जा सलग नसून ठराविक पुंजांच्या स्वरूपात असते. या पुंजांना फोनॉन म्हणतात. आल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९०७ मध्ये आणि पीटर डेबाय यांनी १९१२ मध्ये या कल्पनेच्या आधारे घन पदार्थांच्या विशिष्ट उष्णतेचे स्पष्टीकरण दिले. डेबाय यांच्या सिद्धांतात प्रत्येक घन पदार्थाला एक वैशिष्ट्यपूर्ण तापमान असते. ते त्या पदार्थातील सर्वांत जास्त ऊर्जेच्या फोनॉनाचे दर्शक होय. घन हायड्रोजनाच्या बाबतीत ते सु. १२० केल्व्हिन (के.) आहे. (या नोंदीत सोयीसाठी काही ऊर्जा केल्व्हिनमध्ये दिल्या आहेत, ऊर्जेला बोल्ट्समन स्थिरांकाने भागले असता हा आकडा मिळतो.)

स्फटिकातील घूर्णनाचे प्रकार : वायूतील रेणू मोकळेपणी फिरतो व त्याच्या घूर्णनाच्या ऊर्जा पातळ्या त्याच्या निरूढी परिबलावरून ठरतात. निरूढी परिबल जितके कमी तितके पातळ्यांमधील अंतर जास्त असते. हे अंतर दर्शविणारा घूर्णन स्थिरांक हायड्रोजनाकरिता सु. ८५ के., मिथेनाकरिता सु. ७·५ के. व नायट्रोजनाकरिता सु. २·९ के. आहे. स्फटिकात मात्र शेजारी रेणू फिरण्यास अडथळा करतात. काही दिशा रेणूला अनुकूल ठरतात व एका अनुकूल दिशेकडून दुसरीकडे जाण्यासाठी त्याला वर्चसाचा एक अडसर ओलांडावा लागतो. या अडसराची उंची व घूर्णन स्थिरांक यांच्या गुणोत्तरावरून पुढील तीन अवस्था संभवतात.

(१) अडसर घूर्णन स्थिरांकाच्या मानाने नगण्य असेल, तर रेणू स्फटिकात असूनही जवळजवळ वायूतल्याप्रमाणे मोकळा फिरतो. घन हायड्रोजन हे याचे ठळक उदाहरण होय. (२) अडसर फार उंच असेल, तर रेणू पूर्ण फेरी घेऊ शकत नाही. तो अनुकूल दिशेच्या दोन्ही बाजूंना थोडा थोडा झुलत राहतो. या मर्यादित गतीस कोनीय दोलन व त्याच्या पुंजास लिब्रॉन म्हणतात. नीच तापमानातील नायट्रोजन व अमोनियम लवणे या वर्गात मोडतात. (३) अडसर मध्यम असेल, तर अभिजात यामिकीनुसार अशक्य अशी गोष्ट घडते. अडसर ओलांडण्याइतकी ऊर्जा नसताही हलका रेणू सुरंगक परिणामाने एका दिशेकडून दुसरीकडे जातो. घन मिथेन व काही मिथिल संयुगे यांत हे आढळते.

घन मिथेनात यांपैकी दोन अवस्था एकाच वेळी नांदतात, हे विशेष होय. २०·४ के. तापमानाखाली मिथेनाच्या दर आठ रेणूंपैकी सहा रेणू आपापल्या ठराविक दिशा धरून बसतात, तर उरलेले दोन जवळजवळ मोकळे फिरत राहतात. या दोन रेणूंवर शेजाऱ्यांच्या प्रेरणांचे परिणाम परस्परांना जवळजवळ छेद देतात. एच. एम. जेम्स व टी. ए. कीनन यांनी १९५९ मध्ये सिद्धांताने वर्तविलेली ही रचना पुढे जड मिथेनावरील न्यूट्रॉन विवर्तनाच्या प्रयोगांनी पडताळली गेली.

युग्मनाचे स्वरूप : युग्मनाची कल्पना सायनाइड आयनाच्या उदाहरणाने सहज स्पष्ट होते. पोटॅशियम सायनाइडाच्या स्फटिकात कार्बन व नायट्रोजन यांचा मिळून झालेला लांबट आयन सहा पोटॅशियम आयनांनी बनलेल्या पिंजऱ्यात असतो. कोठीच्या तापमानाला तो वेगवेगळ्या दिशांकडे सतत वळत असल्याने सरासरीने गोलासारखा भासतो आणि स्फटिक घनीय (तिन्ही अक्ष सारखे व परस्परांशी काटकोनात असलेला) राहतो. आता स्फटिकातून एक अवतरंग जात आहे असे मानू. त्यामुळे पिंजऱ्याच्या चौरसाचा समभुज चौकोन होईल व त्याचा एक कर्ण लांब व दुसरा आखूड होईल. लांबट आयनाला लांब कर्णाच्या दिशेत अधिक जागा मिळाल्याने तो तिकडे वळू लागेल. उलटपक्षी, काही कारणाने आयन एका कर्णाच्या दिशेत स्थिरावला, तर तो त्या कर्णावरील शेजाऱ्यांना दूर लोटील व पिंजरा आपोआप तिरका होईल. जालकाची विकृती रेणूला वळविते आणि वळलेला रेणू जालकाला विकृत करतो. या दुहेरी क्रियेत युग्मनाचे सर्व परिणाम बीजरूपाने आलेले आहेत.

पहिला परिणाम असा की, दोन दूरचे रेणू परस्परांवर थेट प्रेरणा लावीत नसले, तरी ते जालकाच्या मार्फत एकमेकांच्या दिशेवर प्रभाव पाडू शकतात. दुसरा परिणाम स्फटिकाच्या स्थितिस्थापकतेवर होतो. तापमान उतरते तशी रेणूंची विकृतीला प्रतिसाद देण्याची क्षमता वाढत जाते, कारण त्यांना विस्कळीत ठेवणारी औष्णिक गती मंदावते. रेणू विकृतीला साथ देऊ लागल्याने स्फटिक कर्तरी प्रेरणेला कमी विरोध करतो. सामान्य घन पदार्थ थंड केले असता अधिक ताठर होतात. हे स्फटिक मात्र संक्रमण तापमानाकडे येताना मऊ होत जातात. पोटॅशियम सायनाइडाचा कर्तरी स्थितिस्थापकता गुणांक असा घटत जातो व १६८ के. तापमानाला घनीय रचना कोसळून समचतुर्भुजी रचना अस्तित्वात येते. सोडियम सायनाइडात हेच संक्रमण सु. २८४ के.ला होते. के. एच. मिशेल व जे. नाउट्स यांनी १९७७ च्या सुमारास या घटनेचा सविस्तर सिद्धांत मांडला. तेव्हापासून क्षारधातूंची सायनाइडे या विषयातील आदर्श उदाहरणे समजली जातात.

पोटॅशियम सायनाइडात पोटॅशियम ब्रोमाइड मिसळले, तर एक वेगळीच अवस्था निर्माण होते. योग्य प्रमाणाच्या मिश्र स्फटिकात सायनाइड आयनांना परस्परविरोधी सूचना मिळतात. त्यांना एकही समाईक दिशा निवडता येत नाही व नीच तापमानाला ते निरनिराळ्या दिशांत गोठून जातात. कणांची स्थाने स्फटिकासारखी नियमित, पण दिशा काचेसारख्या अनियमित अशा या अवस्थेस दिशात्मक काच म्हणतात. तिची विशिष्ट उष्णताही नीच तापमानाला सामान्य काचेप्रमाणे वागते, असे १९८० नंतरच्या दशकात दिसून आले.

सममितीचे बंधन : सर्वच कंपनांत हे मिश्रण होत नाही. रेणूचे केंद्र स्फटिकाच्या व्युत्क्रम केंद्रावर (ज्याच्या विरुद्ध बाजूंना समान अंतरांवर सारखेच अणू आढळतात अशा बिंदूवर) असेल व स्फटिकातील सर्व एकक कोष्ठिका (जालकातील पुनरावृत्त होणारे लहानात लहान भाग) एकाच तालात हलत असतील, तर सरकणे व झुलणे सममितीच्या दृष्टीने भिन्न ठरतात आणि एकमेकांत मिसळू शकत नाहीत. तरंगलांबी कमी होऊन काही कोष्ठिकांच्या अंतराइतकी झाली म्हणजे हे बंधन सुटते. ३५·६ के.खालील घन नायट्रोजनात कोनीय दोलनांच्या रेषा रामन वर्णपटात सु. ३२ व ३६ सेंमी.⁻¹ येथे, तर सरकण्याच्या रेषा अवरक्त वर्णपटात सु. ४९ व ७० सेंमी.⁻¹ येथे मिळतात. दोन्ही एकाच टापूतील असूनही प्रकाशाच्या प्रयोगात त्या वेगळ्या दिसतात. याचे कारण असे की, प्रकाशाची तरंगलांबी रेणूंमधील अंतराच्या हजारो पट असल्याने त्याला केवळ एका तालातील कंपनेच जाणवतात. मिश्रण पाहावयाचे असेल, तर रेणूंमधील अंतराएवढ्या तरंगलांबीचे साधन पाहिजे. असे साधन न्यूट्रॉनांच्या रूपाने उपलब्ध झाले.

घन हायड्रोजन : हायड्रोजनाचा रेणू सर्वांत हलका असल्याने त्याचे घूर्णन घनावस्थेतही पुंजयामिकीच्या नियमांनी मोकळेपणी चालते. हायड्रोजनाचे दोन प्रकार आहेत. रेणूतील दोन प्रोटॉनांचे परिवलन परस्परविरुद्ध असेल, तर तो पॅराहायड्रोजन होय व त्याचा घूर्णन पुंजांक सम (०, २, ...) असतो. परिवलन समांतर असेल, तर तो ऑर्थोहायड्रोजन होय व त्याचा पुंजांक विषम (१, ३, ...) असतो. डी. एम. डेनिसन यांनी १९२७ मध्ये या भेदाच्या साहाय्याने हायड्रोजन वायूच्या विशिष्ट उष्णतेचे कोडे सोडविले. के. एफ. बोनहोफर व पी. हार्टेक यांनी १९२९ मध्ये नीच तापमानाला कोळशाच्या साहाय्याने जवळजवळ शुद्ध पॅराहायड्रोजन तयार केला. व्हेर्नर हायझेनबेर्क यांना १९३२ सालचे नोबेल पारितोषिक देताना, त्यांच्या पुंजयामिकीच्या उपयोगातून हायड्रोजनाच्या या प्रकारांचा शोध लागला, याचा मुद्दाम उल्लेख करण्यात आला होता.

कोठीच्या तापमानाला हायड्रोजनात तीन भाग ऑर्थो व एक भाग पॅरा असे प्रमाण असते. २० के.ला समतोल अवस्थेत जवळजवळ सर्व हायड्रोजन (सु. ९९·८%) पॅरा असावा लागतो. परंतु परिवलन सहजासहजी उलटत नाही. त्यासाठी शेजारच्या रेणूचे असमान चुंबकीय क्षेत्र लागते. म्हणून वायू लवकर थंड केल्यास ऑर्थो रेणू तसेच अडकून राहतात व पुढे सावकाश रूपांतरित होतात. घन हायड्रोजनात ऑर्थोचे प्रमाण आरंभी ताशी सु. १·९% या वेगाच्या स्थिरांकाने घटते. प्रत्येक रूपांतरात घूर्णनाची सु. १७० के. एवढी ऊर्जा मोकळी होते. ही ऊर्जा घेण्यास जालकाखेरीज दुसरे कोणी नसते; पण जालकातील सर्वांत मोठा फोनॉनही सु. १२० के.चाच असतो. म्हणून एका रेणूच्या घूर्णनाची ऊर्जा किमान दोन फोनॉनांत वाटली जावी लागते. के. मोटिझुकी व टी. नागामिया यांनी १९५६ मध्ये या आधारावर रूपांतराच्या वेगाचा सिद्धांत मांडला. फिरण्याची ऊर्जा हलण्यात कशी उतरते, याचे याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच मिळते.

पॅरा रेणू नीचतम पातळीत गोलाकार असतो, म्हणून त्याला कोणतीही दिशा नसते. ऑर्थो रेणू मात्र चतुर्ध्रुवासारखा वागतो. त्यामुळे ऑर्थोचे प्रमाण पुरेसे असलेला घन हायड्रोजन ३ के.हूनही कमी तापमानाला दिशाबद्ध होतो व त्याची षट्कोनी रचना बदलून घनीय होते. आर. डब्ल्यू. हिल व बी. डब्ल्यू. ए. रिकेटसन यांनी १९५४ मध्ये विशिष्ट उष्णतेच्या मापनात या संक्रमणाचा छडा लावला. दाब वाढवून रेणू एकमेकांच्या अगदी जवळ आणले, तर शेजाऱ्यांचा प्रभाव इतका वाढतो की, सु. ११ लक्ष वातावरण एवढ्या दाबाखाली पॅरा रेणूही मोकळे घूर्णन सोडून दिशाबद्ध होतात.

अमोनियम लवणे : कल्हईच्या कामात वापरला जाणारा नवसागर (अमोनियम क्लोराइड) हा या विषयाच्या इतिहासातील एक महत्त्वाचा पदार्थ आहे. एफ. झिमोन यांना १९२२ मध्ये असे आढळले की, सु. २४३ के.ला (−३०° से.) नवसागराची विशिष्ट उष्णता एकाएकी फार वाढते व पुन्हा उतरते. लायनस पाउलिंग यांनी १९३० मध्ये असे सुचविले की, या तापमानाच्या वर अमोनियम आयन मोकळे फिरू लागतात. यावर याकोव्ह फ्रेंकेल यांनी निराळे मत मांडले. त्यांच्या मते आयन फिरत नसून दोन शक्य दिशांपैकी कोणतीही एक धारण करतात. संक्रमणाखाली सर्वांची दिशा एकच होते, तर त्यावर ती विस्कळीत होते. क्ष-किरणांना हायड्रोजनाचा अणू जवळजवळ दिसत नसल्याने हा वाद बराच काळ रेंगाळला. एच. ए. लेव्ही व एस. डब्ल्यू. पीटरसन यांनी १९५२ च्या सुमारास जड हायड्रोजनयुक्त नवसागरावर न्यूट्रॉन विवर्तनाचे प्रयोग करून दुसरे मत ग्राह्य ठरविले.

नवसागर व अमोनियम ब्रोमाइड यांची तुलना विशेष बोधप्रद आहे. कोठीच्या तापमानाला दोहोंची रचना सारखीच असते. थंड केल्यावर नवसागरातील सर्व अमोनियम आयन एकाच दिशेने तोंड करतात. ब्रोमाइडात मात्र २३५ के.खाली शेजारशेजारच्या रांगांतील आयन परस्परविरुद्ध दिशा धरतात आणि त्याबरोबर ब्रोमीन आयनही आपल्या जागेवरून किंचित सरकतात. यांतील सरकणे हीच गुरुकिल्ली होय. दोन अमोनियम आयनांमधील थेट प्रेरणा त्यांना समांतर ठेवू पाहते, तर ब्रोमीनच्या हालचालीमार्फत पोहोचणारी प्रेरणा त्यांना विरुद्ध करू पाहते. ब्रोमाइडात ही दुसरी, म्हणजे फोनॉनांच्या मध्यस्थीने होणारी, प्रेरणा वरचढ ठरते. जपानमधील वाय. यामादा व त्यांचे सहकारी यांनी १९७२ मध्ये हे सिद्धांतरूपाने दाखवून दिले. एकाच कुळातील दोन लवणांची मांडणी भिन्न होण्यास केवळ युग्मनाची तीव्रता कारणीभूत व्हावी, ही गोष्ट या विषयाचे महत्त्व पटविण्यास पुरेशी आहे.

बंदिस्त रेणू : स्फटिकात परका रेणू एकटाच अडकविला असता युग्मन वेगळ्या रीतीने दिसून येते. घन आर्‌गॉनात हायड्रोजन क्लोराइडाचा रेणू जवळजवळ मोकळा फिरतो. परंतु त्याच्या वर्णपटातील रेषांची स्थाने वायूतील रेषांच्या स्थानांपेक्षा निराळी असतात. या रेणूचे वस्तुमान क्लोरिनाच्या बाजूला एकवटलेले असल्याने त्याचे गुरुत्वमध्य आणि ज्या बिंदूभोवती आर्‌गॉनच्या पिंजऱ्याची प्रेरणा समतोल होते तो बिंदू एकच नसतात. खुंटा मधोमध नसलेले जाते फिरविले असता जसे डगमगते, तसा हा रेणू फिरताना पिंजऱ्यात हेलकावे खातो. एच. फ्रीडमन व एस. किमेल यांनी १९६५ मध्ये या विचारावरून गणित करून, साध्या व जड हायड्रोजनाच्या क्लोराइडांत रेषांच्या स्थानांतील फरक सारख्या प्रमाणात का नसतो, याचा उलगडा केला.

अशा परक्या रेणूंचा उष्णतावहनावरही परिणाम होतो. नीच तापमानाला उष्णता फोनॉनांमार्फत वाहते. ज्या फोनॉनाची ऊर्जा रेणूच्या घूर्णनाच्या पातळ्यांमधील अंतराशी जुळते तो रेणूकडून शोषला जाऊन भलत्याच दिशेने फेकला जातो. डब्ल्यू. डी. सीवर्ड व व्ही. नारायणमूर्ती यांनी १९६६ मध्ये सायनाइड मिसळलेल्या क्षारधातू हॅलाइडांच्या औष्णिक संवाहकतेत या कारणाने होणारी घट मोजली.

मापनाच्या पद्धती : विशिष्ट उष्णता, श्राव्यातीत तरंगांचा वेग, रामन व अवरक्त वर्णपट, अणुकेंद्रीय चुंबकीय अनुस्पंदन आणि विद्युत् अपारक शिथिलीकरण या पद्धती या अभ्यासात वापरल्या जातात. शेवटच्या पद्धतीत विद्युत् क्षेत्र बदलले असता ध्रुवीय रेणूंना नव्या दिशेकडे वळण्यास किती काळ लागतो ते मोजतात. द्रव पाण्यात २५° से.ला हा काळ सु. ८ × १०⁻¹² सेकंद असतो, तर −१०° से.च्या बर्फात तो सु. ५ × १०⁻⁵ सेकंद होतो. म्हणजे केवळ जालकात बांधले गेल्याने रेणूचे वळणे लक्षावधी पट मंदावते. मराठवाड्यात छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात व नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात या पद्धतीने द्रवांतील व द्रवमिश्रणांतील रेणूंच्या वळण्याचा अभ्यास झालेला आहे. द्रवात शेजारी सतत बदलत असतात, तर स्फटिकात ते कायमचे असतात, एवढाच काय तो मूलभूत फरक होय.

या सर्वांत न्यूट्रॉन प्रकीर्णन ही सर्वांत समर्पक पद्धती ठरली आहे. कोठीच्या तापमानाच्या न्यूट्रॉनाची ऊर्जा सु. ०·०२५ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, म्हणजे फोनॉनाच्या ऊर्जेएवढी, तर तरंगलांबी सु. १·८ अँगस्ट्रॉम, म्हणजे रेणूंमधील अंतराच्या तोडीची असते. शिवाय हायड्रोजनाचे अणुकेंद्र न्यूट्रॉनांचे प्रकीर्णन इतर बहुतेक अणुकेंद्रांच्या कितीतरी पट करते. त्यामुळे क्ष-किरणांना अस्पष्ट दिसणारी हायड्रोजनयुक्त रेणूंची हालचाल न्यूट्रॉनांना ठळकपणे दिसते.

भारतातील कार्य : रेणवीय स्फटिकांच्या कंपनांचे सरकणे, कोनीय दोलन व रेणूंतर्गत कंपन असे वर्गीकरण सममितीच्या गणिताने करण्याची पद्धती एस. भगवंतम् व टी. वेंकटरायुडू यांनी १९३९ मध्ये मांडली. रामन परिणामाच्या संशोधनाची ती स्वाभाविक परिणती होती. प्रकाशाच्या आवाक्यापलीकडील कंपनांच्या मापनाला मुंबईजवळील ट्रॉम्बे येथे अणुकेंद्रीय विक्रियक उभे राहिल्यावर चालना मिळाली. अप्सरा हा विक्रियक ४ ऑगस्ट १९५६ रोजी व कॅनडाच्या सहकार्याने उभारलेला सायरस हा ४० मेगॅवॉट क्षमतेचा विक्रियक १० जुलै १९६० रोजी कार्यान्वित झाला. पी. के. अय्यंगार यांनी कॅनडातील चॉक रिव्हर येथे बी. एन. ब्रॉकहाऊस यांच्यासमवेत जर्मेनियमाच्या जालक कंपनांचे मापन केले होते (१९५८). ब्रॉकहाऊस यांना न्यूट्रॉन वर्णपटविज्ञानाच्या विकासाबद्दल १९९४ मध्ये नोबेल पारितोषिकाचा भाग मिळाला. भारतात परतल्यावर अय्यंगार व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्रॉम्बे येथेच न्यूट्रॉन वर्णपटमापक तयार केले. या उपकरणांवर १९६० नंतरच्या दशकात अमोनियम हॅलाइडांतील अमोनियम आयनाच्या कोनीय दोलनांचा व दिशाबदलाचा अभ्यास करण्यात आला. डिसेंबर १९६४ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने या विषयावरील परिसंवाद मुंबईत भरविला.

मापनाबरोबर सिद्धांताचेही कार्य ट्रॉम्बे येथे झाले. रेणू हा ताठर पिंड मानून त्याच्या सरकण्याचे तीन व वळण्याचे तीन असे सहा घटक एकाच समीकरणसंचात आणले, तर कोणत्याही तरंगलांबीकरिता मिश्र कंपनांच्या कंप्रता काढता येतात. जी. व्यंकटरामन व व्ही. सी. साहनी यांनी या दृष्टीने जटिल स्फटिकांच्या बाह्य कंपनांचे केलेले विस्तृत विवेचन १९७० मध्ये अमेरिकेतील ‘रिव्ह्यूज ऑफ मॉडर्न फिजिक्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. एल. ए. फेल्डकँप यांच्यासह त्या दोघांनी लिहिलेला परिपूर्ण स्फटिकांच्या गतिकीवरील ग्रंथ १९७५ मध्ये प्रकाशित झाला. सायरस ३१ डिसेंबर २०१० रोजी कायमचा बंद करण्यात आला. तत्पूर्वी ८ ऑगस्ट १९८५ रोजी सुरू झालेल्या १०० मेगॅवॉट क्षमतेच्या ध्रुव विक्रियकावर न्यूट्रॉन शलाकांची राष्ट्रीय सुविधा उभारली गेली. विद्यापीठांतील संशोधकही तिचा लाभ घेतात. झिओलाइटांच्या सूक्ष्म पोकळ्यांत अडकलेल्या हायड्रोकार्बन रेणूंचे फिरणे व सरकणे यांचा वेध तेथे घेण्यात आला आहे.

महत्त्व व उपयोग : या युग्मनाचा व्यवहारातील सर्वांत मोठा परिणाम द्रव हायड्रोजनाच्या साठवणीवर होतो. सामान्य हायड्रोजन तसाच द्रवरूप केल्यास त्यातील ऑर्थो रेणूंचे रूपांतर टाकीत चालू राहते व त्यात दर किलोग्रॅममागे सु. ५२७ किलोजूल उष्णता निर्माण होते. याच द्रवाची बाष्पीभवनाची सुप्त उष्णता मात्र दर किलोग्रॅममागे सु. ४४६ किलोजूल आहे. म्हणजे टाकी बाहेरील उष्णतेपासून कितीही सुरक्षित ठेवली, तरी आतील रेणूंच्या घूर्णनाचीच ऊर्जा साठ्याचा मोठा भाग उडवून लावण्यास पुरेशी असते. म्हणून द्रवीकरण चालू असतानाच आयर्न ऑक्साइडासारख्या उत्प्रेरकाच्या साहाय्याने ऑर्थोचे पॅरामध्ये रूपांतर पूर्ण करून घेतात. अवकाशयानांच्या इंधनाकरिता ही दक्षता आवश्यक असते. भारतीय बनावटीच्या क्रायोजेनिक (अतिनीच तापमानातील इंधनावर चालणाऱ्या) टप्प्याचे पहिले यशस्वी उड्डाण ५ जानेवारी २०१४ रोजी जीएसएलव्ही-डी५ या प्रक्षेपकाने केले. त्या टप्प्याचे इंधन द्रव हायड्रोजनच होते. हायड्रोजन हे सर्वसामान्य इंधन म्हणून वापरावयाचे झाल्यास साठवणीचा हा प्रश्न अधिकच महत्त्वाचा ठरेल.

घन मिथेनाच्या घूर्णनाच्या पातळ्या अगदी जवळजवळ असल्याने तो न्यूट्रॉनांची ऊर्जा थोडी थोडी करून काढून घेऊ शकतो. म्हणून मंद न्यूट्रॉन मिळविण्यासाठी मंदायक म्हणून त्याचा उपयोग करतात. ग्रहविज्ञानातही हा विषय उपयुक्त आहे. नेपच्यूनच्या ट्रायटन या उपग्रहाच्या पृष्ठभागाचे तापमान व्हॉयेजर-२ या यानाने १९८९ मध्ये सु. ३८ के. असल्याचे नोंदविले, तर प्लूटोवरील नायट्रोजनाच्या बर्फाची विस्तीर्ण मैदाने न्यू होरायझन्स या यानाने १४ जुलै २०१५ रोजी जवळून पाहिली. ही तापमाने घन नायट्रोजनाच्या ३५·६ के. या संक्रमण तापमानाच्या किंचित वर आहेत. म्हणजे तेथील बर्फातील रेणूंच्या दिशा अद्याप विस्कळीत आहेत; तापमान थोडे अंश उतरले, तर ते दिशाबद्ध होऊन बर्फाची रचना व घनता बदलेल. प्रयोगशाळेतील काही ग्रॅम पदार्थावर केलेली मापने अशा रीतीने कोट्यवधी किलोमीटर दूरच्या पृष्ठभागांचा अर्थ लावण्यास उपयोगी पडतात. [→ अणुकेंद्रीय विक्रियक, नीच तापमान भौतिकी, रामन परिणाम].